निकालाचा फलक आणि जनरल रजिस्टर: नाशिकच्या एका जुन्या शाळेच्या शताब्दीचं प्रकरण

हे प्रकरण जुन्या नाशकातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या हायस्कूलचं आहे. शाळा शंभरीची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात काही माणसं दुखावली गेलीत आणि ती सगळी याच गावात राहतात. शताब्दीची स्मरणिका काढायची ठरली, समिती बसली, माजी विद्यार्थी म्हणून मी त्यात होतो आणि इतिहासाचा भाग लिहायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना वाटत होतं की हेच सगळ्यात सोपं काम आहे, कारण या शाळेचा इतिहास गावाला तोंडपाठ आहे. शाळा कधी निघाली, कोण मोठा माणूस इथे शिकला, किती पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली. पण लिहायला बसलो तर या तिन्ही गोष्टी कागदाशी जुळेनात, आणि तिसरीवरून समितीत सरळ दोन तट पडले. नाशकात शंभरी गाठलेल्या आणि शंभरीकडे निघालेल्या शाळा बऱ्याच आहेत, त्यांच्याकडेही हेच सगळं निघणार आहे, म्हणून घडलं तसं लिहून ठेवतोय.

आधी शाळेचं नाव झालं कसं ते सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातल्या पोरासाठी हायस्कूल म्हणजे लांबची गोष्ट होती. भगूरचे सावरकर हायस्कूलसाठी नाशकात आले, १९०१ ला मॅट्रिक झाले आणि कॉलेजला पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, तेव्हाचा रस्ता हाच होता, खेड्यातून नाशिक आणि नाशकातून पुणं नाहीतर मुंबई. मग १९१४ ला मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, उदोजी मराठा बोर्डिंग झालं, १९१८ ला गोखले एज्युकेशन सोसायटी आणि १९२४ ला त्यांचं एचपीटी कॉलेज. म्हणजे दहा वर्षांत राहायला बोर्डिंग, शिकायला हायस्कूल आणि पुढे गावातच कॉलेज, एवढी सोय झाली. आमची शाळा याच लाटेतली. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरीकडची पोरं यायची, कुणी बोर्डिंगात राहायचं, कुणी नातेवाइकाच्या वाड्यात कोपरा धरायचं, कुणी वार लावून जेवायचं. इंग्रजी पहिली ते सातवी असे वर्ग, सातवी म्हणजे मॅट्रिक आणि मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची.

फी माफीला तेव्हा नादारी म्हणायचे, पूर्ण नादारी किंवा अर्धी नादारी. गावात या शाळेचं नाव झालं त्यात नादारीचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत कागद बघून झालंय. जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती अजून आहेत. त्यात मुलाचं नाव, इयत्ता, रक्कम आणि खाली 'हस्ते' म्हणून पैसे भरणाऱ्याचं नाव. एका पुस्तकात ओळीने पाच-सहा पावत्या अशा आहेत की मुलं वेगळी, आडनावं वेगळी, गावं वेगळी, पण हस्ते एकच, शाळेतले गणिताचे सर. तारीख फी भरायच्या शेवटच्या दिवसाची. नादारीच्या यादीत ज्यांचं नाव बसलं नाही त्यांची फी सरांनी स्वतःच्या पगारातून भरली, दुसरा अर्थ निघत नाही. पुढच्या टर्मच्या पुस्तकात बघितलं तर तेच. ह्या सरांचं नाव शाळेत कुठल्याही फलकावर नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. यशवंतरावांच्या काळात ई.बी.सी. सवलत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना फी माफी, आली आणि फीचा प्रश्न बराचसा सरकारने उचलला. नाशिकरोडला प्रेस ब्रिटिशांच्या काळापासून होतीच, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूरला एमआयडीसी उभी राहिली. प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात पालकाचा व्यवसाय बघत गेलं की हे सगळं ओळीने दिसतं, आधी शेती, भिक्षुकी, दुकान, मग प्रेस कामगार, विडी कामगार, मग मिग, मायको कंपनी. मार्च १९७५ ला जुनी अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्यानंतरचा काळ म्हणजे गावाला आठवते ती शाळा, बोर्डाच्या गुणवत्ता यादीची. जूनमध्ये पेपरात फोटो, हेडमास्तरांच्या ऑफिसबाहेर फलक, सोनेरी अक्षरात नावं, खाली त्या वर्षीचा निकाल. पाचवीच्या प्रवेशाला रात्रीपासून रांग. ही रांग मी पाहिलेली आहे, त्यात खोटं काही नाही.

आता कागद बाहेर निघाले कसे. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली, न्यायमूर्ती शिंदे समिती आली आणि शाळांना १९६७ च्या आधीची रजिस्टरं तपासायला सांगितलं. एरवीही जुन्या शाळेच्या ऑफिसात उताऱ्यासाठी लोक येतच असतात, कारण जात पडताळणीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबा-पणजोबांचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, मिळाला तर घरातल्या पोराची ॲडमिशन वाचते. म्हणून आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या लिपिकांनी, वर्षानुवर्षं ही रजिस्टरं जीवापाड जपली होती. मोहिमेत सगळ्या पेट्या उघडल्या, पानांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवले गेले, आणि मोहीम संपल्यावर शाळेच्या हातात पहिल्यांदा स्वतःची अख्खी यादी आली. फक्त एक भाग सोडून. १९६९ च्या महापुरात ऑफिसच्या खालच्या फळीवर जी रजिस्टरं होती ती भिजली, पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालीय, जबरदस्तीने उघडली तर शाईसकट सुटून येतील.

ज्यांनी जनरल रजिस्टर कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी, त्यात एका मुलाला एकच आडवी ओळ असते. रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख आकडी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण, शेरा. एवढंच. पण 'सोडल्याचं कारण' हा रकाना एकटा जरी वरपासून खालपर्यंत वाचत गेलात तरी शाळेबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठल्याही भाषणातून कळत नाही.

पहिला मुद्दा स्थापनेच्या सालाचा, तो पटकन सांगतो. कमानीवर एक साल आहे आणि शिक्षण खात्याच्या मान्यतेच्या पत्रात त्याच्या नंतरचं. कारण एवढंच की आधी एका वाड्यात खाजगी इंग्रजी वर्ग चालायचे, त्यांचीच पुढे शाळा झाली. कमान वर्गांपासून मोजते, खातं मान्यतेपासून. दोन्ही बरोबर आहे, दोन्ही छापा म्हटलं, छापली.

दुसरा मुद्दा मोठ्या माणसाचा. गावात पिढ्यानपिढ्या सांगतात की स्वातंत्र्य चळवळीतले एक फार मोठे नेते या शाळेचे विद्यार्थी. गॅदरिंगच्या प्रत्येक भाषणात ते येतं, शाळेच्या माहितीपत्रकात पण आहे. रजिस्टरमध्ये नाव नाही. आता नुसतं नाव नाही म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या काळात नावं बदलायची. आपल्या कुसुमाग्रजांचंच बघा, जन्माचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णु वामन. त्यांचं हायस्कूल न्यू इंग्लिश स्कूल म्हणजे आजचं रुंगटा, तिथला प्रश्न नाही, पण कुणी जुन्या कागदात शोधायला बसला तर दोन्ही नावांनी शोधावं लागेल एवढं खरं. म्हणून आम्ही त्या नेत्यांचं घरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, सगळ्या बाजूने शोधलं. नाहीच. मग भाऊसाहेबांना शेरेबुक आठवलं. शाळेला भेट देणारे पाहुणे, तपासणीला येणारे डेप्युटी, सगळे त्यात शेरा लिहायचे. त्यात त्या नेत्यांचा शेरा सापडला, स्वच्छ अक्षरात, खाली सही आणि तारीख. म्हणजे ते शाळेत आले होते, पोरांशी बोलले होते, आणि पुढच्या पन्नास वर्षांत 'आले होते' चं 'शिकले होते' झालं. संस्थेच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना हे पटेना, ते म्हणाले, "अहो, आमचे वडील सांगायचे." मी म्हणालो, काका, वडील खोटं सांगत नव्हते, त्यांनी पाहिलंच असणार त्यांना शाळेत. शेवटी शेरेबुकाच्या पानाचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पान छापायचं ठरलं आणि विद्यार्थी हा उल्लेख काढला. मला विचाराल तर फोटोचं पान जास्त मोलाचं आहे.

खरं प्रकरण तिसरं.

शाळेची ख्याती निकालाची. ती कशी झाली ते बघायला मी १९७५ च्या आधीची आणि नंतरची रजिस्टरं घेतली आणि 'सोडल्याचं कारण' वाचत गेलो. साठच्या दशकात तिथे तऱ्हेतऱ्हेचं लिहिलेलं आहे, वडिलांची बदली, शेतीकामामुळे, सतत गैरहजर म्हणून नाव कमी, लग्न झाल्यामुळे, मुंबईस नोकरीनिमित्त. माणसाचं आयुष्य दिसतं त्यात. ऐंशीच्या दशकात मात्र नववीच्या मुलांपुढे एकच वाक्य यायला लागतं, 'पालकांच्या विनंती अर्जावरून'. एका पानावर लागोपाठ, तारीख एकच, जूनमधली, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातली, अक्षर एकच, आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत शाई पण एकाच पेनाची. दर वर्षी. आणि त्यातली बरीचशी नावं नंतर सतरा नंबरच्या फायलीत सापडतात. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा फॉर्म. बाहेरून बसलेल्या पोराचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. पोरगं पाचवीपासून नववीपर्यंत आपल्याच बाकावर बसलं, पण दहावीला ते आपलं नाही. फलकावरचा निकाल याच्यावर उभा आहे, पूर्ण नाही, पण बराचसा.

हे एकट्या आमच्या शाळेत झालं असं कुणी समजू नये, त्या काळात निकालासाठी धडपडणाऱ्या शाळांमध्ये नववीची चाळणी ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती, घरोघरी बोललं जायचं, 'नववीतून काढतील, सतरा नंबर भरायला लावतील'. पण माहीत असणं वेगळं आणि रजिस्टरमध्ये मुलांची नावं ओळीने वाचणं वेगळं. त्यात माझ्या वर्गातले होते. माझ्या बाकावरचा एक होता.

मी त्यांच्यापैकी काहींना गाठलं. एकाचं सातपूरला स्वतःचं वर्कशॉप आहे, लेथ, मिलिंग, जॉबवर्क. त्याने सांगितलं ते त्याच्या परवानगीने लिहितोय. "अर्ज मी दिला नाही आणि माझ्या बापानेही दिला नाही. बाप सिन्नरचा, विड्या वळायचा, त्याला सही येत नव्हती. शाळेत बोलावलं, कागद पुढे केला, इथे अंगठा लावा म्हणाले, पोराचं वर्ष वाचेल. त्याने लावला." सतरा नंबरने पहिल्या वेळी दोन विषय राहिले, दुसऱ्या वेळी सुटला, मग आयटीआय, मग कंपनी, मग स्वतःचं. मी विचारलं, शाळा कोणती सांगतोस लोकांना? तो म्हणाला, "हीच. दुसरी कोणती सांगू? पाच वर्षं होतो मी तिथे." माजी विद्यार्थी संघाचं आमंत्रण त्याला आजपर्यंत एकदाही गेलेलं नाही. कारण संघाच्या घटनेत माजी विद्यार्थ्याची व्याख्या 'शाळेतून एस.एस.सी. उत्तीर्ण' अशी आहे, आणि त्याचं एस.एस.सी. कागदोपत्री शाळेतून झालेलं नाही.

दुसरी बाजू पण नीट ऐकली पाहिजे म्हणून त्या काळातल्या एका निवृत्त पर्यवेक्षक सरांकडे गेलो. सर थकलेत आता, पण सगळं स्वच्छ आठवतं. ते टाळाटाळ न करता बोलले. त्यांचं म्हणणं असं की नववीत नापास झालेलं पोरगं परत नववीत बसवलं की बहुतेक वेळा वर्षाच्या मध्यात शाळा सोडून हॉटेलात नाहीतर गॅरेजला लागायचं, सतरा नंबरने निदान ते दहावीला बसायचं तरी, त्याचं वर्ष वाचायचं, आणि आम्ही संध्याकाळी त्यांना फुकट शिकवायचो सुद्धा. आणि दबाव फक्त संस्थेचा नव्हता, पालकच ऑफिसात येऊन विचारायचे यंदा बोर्डात किती, तमक्या शाळेचे तर इतके आले. पेपरात फोटो आला की पाचवीची रांग वाढायची, रांग वाढली की तुकडी वाढायची, तुकडी वाढली की शिक्षकाची नोकरी पक्की. "आपल्या तुकडीवर कुणाच्या तरी घरची चूल आहे हे डोक्यात असायचं," सर म्हणाले. संध्याकाळच्या वर्गाचं ते खरं बोलले, वर्कशॉपवाल्यानेही ते वर्ग आठवणीने सांगितले होते, सरांचं नाव आदराने घेतलं. मला सरांचा राग नाही आला. पण एक विचारावंसं वाटलं आणि विचारलं, की सर, पोरांना तुम्ही आपलं मानून शिकवत होतात तर त्यांचे मार्क शाळेच्या निकालात धरायला काय हरकत होती? सर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते आमच्या हातात नव्हतं असं म्हणणार नाही मी."

समितीची त्यानंतरची बैठक तापली. विश्वस्तांचं म्हणणं, शताब्दी आनंदाची असते, घरातली धुणी चारचौघात धुवायची नाहीत. संघाच्या अध्यक्षांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त गंभीर वाटलं, ते म्हणाले की फलकावरची पोरं तर खोटी नाहीत ना, त्यांनी अभ्यास केला, मार्क मिळवले, आज त्यातली कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक आहेत, तुम्ही त्यांच्या यशावर डाग लावताय. हे मला मान्य आहे, त्या मुलांचं यश त्यांचंच आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये. पण शेकडा निकाल हा त्या मुलांचा नाही, तो शाळेचा दावा आहे, आणि शाळेचा दावा तपासायचा तर शाळेचंच रजिस्टर घेऊन तपासणार ना.

मी तेव्हा जे बोललो ते इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सगळा घोळ या ख्यातीच्या काळ-वेळेचा आहे. गाव समजतं की शाळेचं नाव बोर्डातल्या पोरांमुळे झालं. कागद सांगतात की विश्वास आधीच बसला होता, तो नादारीच्या काळात, हस्ते सरांच्या काळात, बोर्डिंगातल्या पोरांना आत घेतलं तेव्हा बसला. त्या पोरांनी आपापल्या गावात जाऊन सांगितलं की तिथे जा, तिथे घेतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात त्याच विश्वासावर रांगा लागल्या, आणि रांग एवढी झाली की शाळा निवडायला लागली. नंतर बोर्डाने गुणवत्ता यादीच बंद केली. पालक सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडला राहायला गेले, तिकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, आणि ज्यांच्यासाठी चाळणी लावली होती ती घरं सगळ्यात आधी शाळा सोडून गेली. मे २०१२ पासून शिक्षक भरती अडकली, पुढे पवित्र पोर्टल येऊनही रिक्त जागा रिक्तच, दर वर्षी संच मान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरतात तेव्हा, पट कमी, तुकडी कमी, एखादे सर अतिरिक्त.

आज शाळेत कोण येतं? पेठ, सुरगाण्याकडून बांधकामावर आलेल्या आई-वडिलांची मुलं, भाजी मार्केटला हमाली करणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. म्हणजे नेमकी तीच मुलं ज्यांना ऐंशीच्या दशकात नववीत दार दाखवलं गेलं असतं. आताचे शिक्षक त्यांना दहावीपर्यंत नेतात, एकालाही सतरा नंबर भरायला लावत नाहीत, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवतात, शाळेतच संध्याकाळी अभ्यासिका चालवतात. आणि गावातली माणसं काय म्हणतात, 'आता ती शाळा राहिली नाही'. मला या वाक्याचा मनापासून त्रास होतो. जी शाळा १९३० च्या सुमाराला खेड्यातल्या पोराची फी स्वतःच्या खिशातून भरून त्याला बसवून घ्यायची, तिच्या सगळ्यात जवळ गेलेली शाळा ही आजची आहे, रांगेच्या काळातली नाही.

पण नादारीचा काळही मी सोवळा करून लिहिणार नव्हतो. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक शाळा, पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचं ठरलं. नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या वर्षांची पानं मी मुद्दाम काढली. दलित मुलांच्या नोंदी थोड्या आहेत, पण आहेत. वर्तणूक 'चांगली', अभ्यास 'समाधानकारक', आणि सोडल्याचं कारण दोन ठिकाणी 'फी थकल्यामुळे'. त्याच वर्षीच्या नादारीच्या यादीत ही दोन नावं नाहीत. यादी ठरवणाऱ्यांच्या ओळखीत जी घरं होती त्यांनाच नादारी पोचली हे उघड आहे. हे पान पण स्मरणिकेत गेलं पाहिजे असा माझा आग्रह होता, आणि याला समितीत कुणीच विरोध केला नाही, विरोध झाला तो ऐंशीच्या दशकाला, कारण त्यातली माणसं अजून हयात आहेत.

निर्णय शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी घेतला. त्या बैठकीत सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की ऑफिसात उद्या कुणी उतारा मागायला आला तर आपण त्याला विचारतो का तुम्ही इथून एस.एस.सी. झालात का म्हणून? नाही. जनरल रजिस्टरचा नंबर, म्हणजे जी.आर. नंबर, असला की उतारा देतो. "मग ज्याचा जी.आर. नंबर आहे तो आपला विद्यार्थी. शताब्दीचं आमंत्रण जी.आर. वरून जाईल, फलकावरून नाही." अध्यक्ष म्हणाले, घटना बदलावी लागेल. बाई म्हणाल्या, बदला. विश्वस्तांनी विरोध नोंदवायला सांगितला, तो इतिवृत्तात नोंदवला गेला, आणि तेच विश्वस्त नंतर आमंत्रणाच्या पोस्टाच्या खर्चाला स्वतःहून पैसे देऊन गेले, हे पण सांगितलं पाहिजे.

स्मरणिकेतल्या मजकुरावर मात्र तडजोड झाली. मी नववीच्या नोंदींवर दोन पानं लिहिली होती, त्यातला एक परिच्छेद राहिला. 'काही वर्षे नववीनंतर अनेक विद्यार्थ्यांना बाहेरून परीक्षेस बसावे लागले. ते सर्व या शाळेचेच विद्यार्थी आहेत', असं वाक्य आहे. 'बसावे लागले' च्या जागी 'बसवले गेले' हवं होतं असं मला अजूनही वाटतं. पण 'या शाळेचेच विद्यार्थी आहेत' हे छापून आलं याचं महत्त्व मी कमी मानत नाही. फलक तसाच ठेवलाय, तो काढावा असं कुणीच म्हणालं नव्हतं. हस्ते सरांच्या पावत्यांची पानं पूर्ण छापली.

आमंत्रणं पाठवताना जे अडलं ते इतर शाळांच्या कामाचं आहे म्हणून लिहितो. रजिस्टरमधला पत्ता जुना, वाड्यांचे पत्ते तर सगळे गेले कारण वाडेच पडले. मुलींची लग्नानंतरची नावं लागत नाहीत. मग आम्ही गल्लीनिहाय काम वाटून घेतलं, प्रत्येक बॅचचा एक जण, आणि नववीत नाव कमी झालेल्यांसाठी वेगळी वही, कारण ती बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात, त्यांना प्रत्यक्ष जाऊनच शोधावं लागतं. सातपूर, अंबड, नाशिकरोडच्या वर्कशॉपमधून आणि रिक्षा स्टँडवरून जेवढे सापडले तेवढे ग्रुपवरून सापडले नाहीत. काहींनी यायला स्पष्ट नकार दिला. एकाने सांगितलं की शाळेच्या दारात पाय ठेवणार नाही, तुम्ही आलात त्याबद्दल आभार. त्याच्या म्हणण्याचा मान ठेवला. सातपूरचा वर्कशॉपवाला बायको आणि मुलीला घेऊन आला, पर्यवेक्षक सरांना त्यानेच गाडीतून आणलं.

काम अजून बाकी आहे. महापुरातली भिजलेली रजिस्टरं उघडायला जुने कागद हाताळणारा जाणकार माणूस लागेल, तोपर्यंत कृपया कुणी ती वाफ देऊन किंवा उन्हात ठेवून सुटी करायचा सल्ला देऊ नये, त्याने नुकसानच होईल. त्या वर्षांतल्या मुलांची नावं दुसरीकडून गोळा करतोय. ज्यांच्या घरी १९६९ च्या आधीचं या भागातल्या कुठल्याही हायस्कूलचं प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, फीची पावती किंवा वर्गाचा ग्रुप फोटो असेल त्यांनी तो आपापल्या शाळेच्या ऑफिसात दाखवावा, मूळ कागद देऊ नका, फक्त फोटो काढू द्या. आणि सतरा नंबरची वही पण पूर्ण झालेली नाही, नववीनंतर बाहेरून बसलेले कुणी ओळखीचे असतील तर त्यांना एवढं सांगा की शाळेत त्यांचा जी.आर. नंबर आहे आणि उतारा मागितला तर मिळतो.